मसाई मारातल्या नव्या सफारी कॅम्पचा पॉइंट्समधला दर : लॉटरी की गडबड?

रानवारा
९ फेब्रुवारी, रात्री ११:५२

मंडळी, झोप उडालीये म्हणून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. केनियाला जायचं आमचं चार वर्षांपासून नुसतं चाललंय, दरवेळी मसाई मारातल्या कॅम्पचे दर बघायचे आणि लॅपटॉप मिटायचा. आज सहज हॉटेलवाल्यांचे साठलेले पॉइंट्स (पैशांऐवजी वापरता येतात ते) टाकून बघितलं तर एका मोठ्या हॉटेल चेनचं नवंकोरं टेंटेड कॅम्प दिसलं, वीस-बावीस तंबू आहेत, नदीकाठी, तंबू म्हणजे नावाला तंबू, आत बाथटब आहे. पैसे देऊन घ्यायचं तर दोघांना रात्रीचे १,९०० डॉलर. आणि पॉइंट्समध्ये? ३०,००० फक्त!! त्याच चेनची शहरातली साधी बिझनेस हॉटेलं याच्यापेक्षा जास्त मागतात. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, म्हणजे ऐन मायग्रेशनचा (प्राण्यांच्या कळपांच्या स्थलांतराचा) सीझन, आणि पाच रात्री घेतल्या तर पाचवी फुकट, म्हणजे सगळे मिळून १,२०,०००. माझ्याकडे १,३४,००० आहेत.

प्रश्न असे की १) हे खरं असेल का २) यात सफारी धरलेली असते का नुसती खोली ३) आत्ता बुक करून टाकू का नवऱ्याला उठवू?

चेनचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. शोधणाऱ्याला दोन मिनिटांत सापडेल.

चकणा_चिवडा
१० फेब्रुवारी, ००:०३

नवऱ्याला झोपू द्या, बुक करा. उठवलं की तो "सकाळी बघू" म्हणणार आणि सकाळी दर गेलेला असणार. स्वानुभव.

सुरंगी
००:१०

जळजळ झाली, इनो घेऊन येते.

टंकाळलेला
००:१४

दोन मिनिटं नाही, चाळीस सेकंद लागली. तीन रात्री घेतल्या, ऑक्टोबरच्या. धन्यवाद रानवारा, तुमचे पाय कुठे आहेत.

रानवारा
००:३१

केलं बुक. हात थरथरत होते खरंच. कन्फर्मेशन नंबर आला, पॉइंट्सही वजा झाले, १४ हजार उरले. येण्याच्या ६० दिवस आधीपर्यंत रद्द करता येतंय. आता झोप अजूनच येत नाहीये.

प्रश्नकुमार
सकाळी ७:४०

अभिनंदन. पण एवढा स्वस्त दर म्हणजे नक्की चूक असणार. मी कॅम्पला सरळ मेल टाकून विचारलंय की हा दर बरोबर आहे का, म्हणजे सगळ्यांचाच गोंधळ मिटेल. उत्तर आलं की इथे कळवतो.

चकणा_चिवडा
७:४४

काय केलंत हे!!!

टंकाळलेला
७:४५

अहो कशाला?? चूक आहे का असं दुकानदाराला कोण जाऊन विचारतं? पॉइंट्सवाल्यांचा पहिला नियम, हॉटेलला फोन करायचा नाही. दुसरा नियमही तोच.

प्रश्नकुमार
७:५८

मला नियम माहीत नव्हता. आणि साहेब, मी प्रामाणिकपणेच विचारलं ना, त्यात गुन्हा काय.

हिशेबनीस
९:१५

सकाळी चहाबरोबर धागा वाचला, मजा आली. प्रश्नकुमारांवर तुटून पडू नका, त्यांच्या मेलने फार फरक पडेल असं मला वाटत नाही, कारण पुढे सांगतो.

आधी "चूक" म्हणजे काय ते बघू. पूर्वी बहुतेक चेनचा तक्ता असायचा, अमुक श्रेणीचं हॉटेल म्हणजे अमुक पॉइंट्स, बात खतम. हिल्टनने तो २०१७ मध्ये काढला, मॅरियटने मार्च २०२२ मध्ये. आता दर रोज बदलतो, रोख भाडं वाढलं की साधारण पॉइंट्सही वाढतात. पण हे "साधारण" हॉटेल जुनं असेल तर. नव्या हॉटेलचा मागचा काही इतिहासच नसतो, गेल्या ऑगस्टमध्ये किती भरलं होतं हे यंत्राला कळणार कुठून, गेल्या ऑगस्टमध्ये तिथे गवत होतं. मग कोणीतरी माणूस सुरुवातीचा आकडा भरतो, आणि तो माणूस अशी दोनशे हॉटेलं भरत असतो.

दुसरी गोष्ट, सफारी कॅम्पचं भाडं माणशी असतं आणि त्यात जेवण, जीप, गाइड सगळं असतं. चेनची बुकिंग सिस्टीम मात्र खोलीच्या हिशेबाने बनलेली. तिच्यात माणशी पॅकेज बसवताना "फक्त खोली" असा एक खालचा दर तयार करावा लागतो आणि पॉइंट्स त्या खालच्या दराला चिकटतात. माझा अंदाज असा की इथे हेच झालंय. म्हणजे ही चूक कमी आणि अर्धवट भरलेला फॉर्म जास्त.

तिसरं म्हणजे मालकाला काय मिळतं. हॉटेलवर पाटी चेनची असली तरी जागा बहुधा दुसऱ्याची असते. आपण पॉइंट्सवर राहिलो की चेनच्या पॉइंट्स प्रोग्रॅमच्या फंडातून मालकाला पैसे जातात, हॉटेल रिकामं असेल तर जेमतेम खर्च सुटेल एवढे, आणि जवळजवळ भरलेलं असेल तर बाजारभावाच्या आसपास. वीस तंबूंच्या कॅम्पमध्ये चार-पाच तंबू इकडे तिकडे झाले तरी मोठा फरक पडतो. म्हणूनच म्हणतो, मेल गेला नसता तरी ऑगस्टचे तंबू एका रात्रीत असे जायला लागल्यावर रेव्हेन्यू मॅनेजरच्या स्क्रीनवर ते दिसणारच.

आणि रानवारा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बुक करायच्या आधी शोधायला हवं होतं. कन्फर्मेशन मेलमध्ये "रेट डिटेल्स" असं बारीक अक्षरात असतं, ते इथे उतरवा.

सुरंगी
९:३३

हिशेबनीसकाका, वाचनखूण साठवली.

रानवारा
१०:२०

उघडून बघितलं. "खोली आणि न्याहारी" एवढंच लिहिलंय. सफारीचं नावसुद्धा नाही. जेवणाचंही नाही. म्हणजे जंगलात नेऊन उपाशी ठेवणार का?

नवरा उठला, त्याला सांगितलं. पहिला प्रश्न, "मग प्राणी कुठून बघायचे, बाथटबमधून?"

सवानातला_सदू
११:०५

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. चौदा वर्षं नैरोबीत आहे, पाहुण्यांना माराला पाठवणं हा माझा धंदा नाही पण सगळ्या नातेवाइकांनी तो माझा धंदा करून टाकलाय. तर नीट ऐका.

खोलीचे पॉइंट्स हा माराच्या खर्चातला एक तुकडा आहे. पहिला दणका पार्क फीचा. २०२४ पासून परदेशी माणसाला जानेवारी ते जूनमध्ये रोजचे १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोजचे २००. माणशी. ऑगस्ट म्हणजे २००. दोघं गुणिले पाच दिवस, २,००० डॉलर तिथेच गेले, आणि हे कॅम्प घेत नाही, नारोक काउंटी (तिथलं जिल्हा प्रशासन) घेते, त्यामुळे कॅम्पशी हुज्जत घालून उपयोग नाही. शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत रिझर्व्हच्या (राखीव जंगलाच्या) बाहेर पडायचं, नाहीतर अजून एका दिवसाची फी. नऊ ते सतरा वयाच्या मुलांना ५०, त्याहून लहानांना काही नाही.

तुमचं कॅम्प रिझर्व्हच्या आत आहे का बाहेरच्या कॉन्झर्व्हन्सीत, हे बघा. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी एकत्र करून भाड्याने दिलेल्या, मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी वगैरे. तिथे गाड्या मोजक्या, रस्ता सोडून जाता येतं, रात्रीची सफारी होते. फी वेगळी. रिझर्व्हच्या आत रात्री फिरता येत नाही आणि रस्ता सोडता येत नाही, पण नदी तिथे आहे, आणि विल्डबीस्ट (कळपाने फिरणारी मोठी हरणं) नदी ओलांडताना बघायचे असतील तर आत यावंच लागतं.

जायचं कसं. रस्त्याने नैरोबीहून पाच-सहा तास, माई माहिऊच्या घाटात रिफ्ट व्हॅलीचा देखावा बघून चहा प्यायचा, मग नारोक, मग सेकेनानी गेट. पूर्वी नारोकच्या पुढे हाडं खिळखिळी व्हायची, आता गेटपर्यंत डांबर आहे. विमानाने पाऊण तास, पण ते मोठ्या विमानतळावरून नाही, विल्सनवरून. तुम्ही उतरणार जोमो केन्याटावर, तिथून शहराच्या ट्रॅफिकमधून विल्सन, मध्ये निदान चार तास ठेवा नाहीतर आदल्या रात्री मुक्काम करा. विमान बारा-तेरा सीटचं सेसना. सामान माणशी १५ किलो, हँडबॅग आणि कॅमेरा धरून, आणि मऊ बॅग. चाकांची टणक सूटकेस आणू नका. परत सांगतो, आणू नका.

टंकाळलेला
११:२२

सदूभाऊ, साष्टांग. माझं ऑक्टोबरचं बुकिंग आहे, प्राणी असतील का?

सवानातला_सदू
११:३०

प्राणी बारा महिने असतात, सिंह काय ऑगस्टमध्ये भाड्याने आणत नाहीत. कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात, पुढे दक्षिणेला टांझानियातल्या सेरेंगेटीत परततात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला असाल तर चांगली संधी आहे, शेवटी असाल तर पावसावर आहे. गवत जिथे, ते तिथे. आणि एप्रिल-मेमध्ये स्वस्त दिसलं म्हणून नाचू नका, मोठा पाऊस असतो, काळ्या मातीत जीप रुतते.

वकीणबाई
१२:४८

लंच ब्रेकमध्ये वाचतेय. "कन्फर्मेशन नंबर आला म्हणजे झालं" असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी.

सिंगापूरमध्ये २००३ साली एका वेबसाइटवर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला. रात्री मित्रांनी मित्रांना मेसेज करून कळवलं आणि सहा जणांनी मिळून सोळाशेच्या वर प्रिंटर मागवले. त्यांनाही कन्फर्मेशनचे मेल आले होते, आपोआप निघालेले. कंपनीने नकार दिल्यावर हे कोर्टात गेले आणि २००४ मध्ये हरले, २००५ मध्ये अपिलातही हरले. कोर्टाचं म्हणणं साधं होतं, ही चूक आहे हे तुम्हाला कळत होतं, आणि कळत असून तुम्ही हात मारलात, तर करार झालाच नाही.

आता कल्पना करा, उद्या वाद झाला आणि समोरच्याने हा धागा छापून पुढे ठेवला. शीर्षकात "गडबड", पहिल्याच पोस्टमध्ये "हे खरं असेल का", मग "हात थरथरत होते".

(शिवाय प्रोग्रॅमच्या अटींमध्ये चुकीचा दर रद्द करायचा हक्क त्यांनी ठेवलेला असतोच, ती पानं आपण कोणी वाचत नाही.)

रानवारा
१२:५५

बाई, शीर्षक बदलता येतं का हो इथे?

चकणा_चिवडा
१२:५६

"मारातील निसर्गसौंदर्य : एक चिंतन"

हिशेबनीस
१३:१०

बाईंचा मुद्दा बरोबर, पण सोळाशे प्रिंटर आणि एका बाईने नवऱ्याबरोबर घेतलेल्या पाच रात्री यात फरक आहे. ६६ डॉलरचा प्रिंटर कुणालाही खटकेल. पॉइंट्सचे दर मात्र आजकाल इतके वरखाली होतात की ३०,००० हा आकडा बघून "ही चूकच" असं छातीवर हात ठेवून मीही म्हणू शकत नाही, आणि मी हे रोज बघतो. तुम्ही राहायला जाणार आहात, विकायला नाही, हेही धरा. रद्द झालंच तर पॉइंट्स परत मिळतील. तोपर्यंत विमानाची न परतणारी तिकिटं मात्र घेऊ नका. सगळ्यात जास्त पैसे लोकांचे तिथे बुडतात.

गुळाचा_गणपती
१५:२६

मी चार तंबू घेतलेत, सात सात रात्री, जुलै ऑगस्ट सप्टेंबर तिन्ही महिन्यांत. पॉइंट्स पडून होते. कोण येणार ते नंतर ठरवू, नाही जमलं तर रद्द करू, ६० दिवस आधीपर्यंत फुकट आहे.

सुरंगी
१५:३१

हे मात्र पटलं नाही. वीसच तंबू आहेत तिथे. तुम्ही चार अडवून ठेवणार आणि जूनमध्ये सोडून देणार, तोपर्यंत ज्याला खरंच जायचंय त्याला "उपलब्ध नाही" दिसणार.

गुळाचा_गणपती
१५:४०

नियमात बसतंय ना? मग.

सवानातला_सदू
१५:५८

गणपतराव, कॅम्पमध्ये तंबूंच्या संख्येवर माणसं ठरतात, गाइड, जीपवाले, स्वयंपाकी, रात्री कंदील घेऊन सोडायला येणारे अस्करी (पहारेकरी). त्यातले बरेच आजूबाजूच्या गावातले मसाई. ऐन सीझनला तंबू भरलेले दिसले आणि जूनमध्ये अचानक रिकामे झाले तर चेनला काही होत नाही, सीझनसाठी घेतलेल्या पोराला "नको येऊस" म्हणतात. नियमात बसतं हो, पण.

रानवारा
११ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

अपडेट. रात्री कॅम्पकडून मेल आला, मला, न विचारता. "आपल्या आगमनाची वाट बघतो" वगैरे आणि खाली जोडपत्र. पॉइंट्सच्या बुकिंगमध्ये खोली आणि न्याहारी. दोन वेळचं जेवण आणि दिवसातून दोन सफारी असं पॅकेज हवं असेल तर माणशी रोजचे १५० डॉलर. पार्क फी वेगळी. एअरस्ट्रिपवरून आणणं-सोडणं फुकट.

म्हणजे १५० गुणिले २ गुणिले ५ = १,५००. पार्क फी २,०००. विल्सनवरून विमान दोघांचं जाऊन-येऊन ८०० पकडलं. ४,३०० डॉलर झाले "फुकट" ट्रिपचे, नैरोबीपर्यंत पोचण्याचं सोडूनच. नवरा म्हणाला तू लॉटरी लागली म्हणून मला उठवणार होतीस ना, बरं झालं नाही उठवलंस.

हिशेबनीस
८:३०

उलटा हिशेबही करून दाखवा की त्यांना. रोखीने गेला असता तर ९,५०० खोलीचे, ज्यात जेवण आणि सफारी येते, अधिक फी २,०००, अधिक विमान ८००, एकूण १२,३००. म्हणजे १,२०,००० पॉइंट्समध्ये तुमचे ८,००० डॉलर वाचले. एका पॉइंटला साडेसहा सेंटच्या वर मिळाले, मी एका पॉइंटला पाऊण सेंट मिळाला तरी खूश असतो. पण खिशातून ४,३०० जाणार हेही तेवढंच खरं, आणि ज्याच्याकडे ते नाहीत त्याने केवळ पॉइंट्स स्वस्त म्हणून उडी मारू नये. मी पूर्वी एकदा मारलीय अशी उडी, दुसऱ्या एका बेटावर, तिथे खोली फुकट होती आणि तिथपर्यंत नेणारी बोट खोलीपेक्षा महाग.

टंकाळलेला
८:४१

हिशेबनीसकाका त्यावर वेगळा धागा काढा. पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

चकणा_चिवडा
१२ फेब्रुवारी, १०:१७

दर गेला!! आत्ता बघितलं, तारीख कुठलीही टाका, १,१५,००० च्या खाली काही नाही.

सुरंगी
१०:२०

प्रश्नकुमाऽऽऽर

प्रश्नकुमार
१०:५५

मला अजून मेलचं उत्तरही आलेलं नाही. आणि सांगू का, काल रात्री मीसुद्धा दोन रात्री घेतल्या. मिळाल्या.

चकणा_चिवडा
१०:५६

हे म्हणजे अगदीच.

गुळाचा_गणपती
१४ फेब्रुवारी, १९:०५

माझी चारही बुकिंगं रद्द केली त्यांनी. एकाच खात्यावरून एकाच वेळी इतक्या खोल्या चालत नाहीत असं कारण. पॉइंट्स परत आले. रानवाराचं ठेवलं म्हणे. हा अन्याय आहे.

वकीणबाई
१९:३०

सोळाशे प्रिंटर.

रानवारा
१९:४४

हो, माझं आहे अजून. रोज सकाळी उठून आधी ते बघते मग दात घासते.

ज्यांचं अजून आहे त्यांच्यासाठी, मी पिवळ्या तापाची लस घेऊन आले. केनियाहून भारतात परतताना त्याचं पिवळं कार्ड मागतात, लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतली की जन्मभर चालते. केनियाचा व्हिसा आता नाही, त्याऐवजी ईटीए (प्रवासाचा परवाना) ऑनलाइन काढायचं. आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे, मी चपला गुंडाळायला कापडी पिशव्या शिवून घेतल्या.

रानवारा
६ सप्टेंबर, २१:१५

धागा वर काढतेय, कारण जाऊन आलो!!! विपुतून (विचारपुशीतून) इतक्या जणांनी विचारलं की एकदाच लिहिते.

बुकिंग शेवटपर्यंत टिकलं. चेक-इनला कोणी पॉइंट्सचा उच्चारसुद्धा केला नाही, उलट तंबूवर आमचं नाव खडूने लिहिलेली पाटी होती. मला उगाच अपराधी वाटत होतं, पहिल्या दिवशी मी सगळ्यांना जरा जास्तच थँक्यू म्हणत होते.

थंडी असते हं! आपण आफ्रिका म्हणून सुती कपडे नेतो, मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे साडेपाचला उघड्या जीपमध्ये दात वाजतात. जीपमध्ये लाल चौकड्यांच्या शुका (मसाई शाली) ठेवलेल्या असतात, त्या दोन दोन गुंडाळल्या. आणि पहिल्या रात्री पांघरुणात पाय घातला तर आत काहीतरी गरम, मऊ आणि केसाळ. मी किंचाळले. नवरा पलंगावर उभा. बाहेरून अस्करी धावत आला. लोकरीचं कव्हर घातलेली गरम पाण्याची पिशवी होती. दुसऱ्या दिवसापासून ती ठेवणारा मुलगा आधी येऊन सांगून जायचा की "मॅडम, ती आत आहे."

नदी. दोन दिवस मारा नदीच्या काठी उभे राहिलो. पहिल्या दिवशी सव्वातीन तास. समोरच्या काठावर विल्डबीस्ट किती ते मोजता येत नाहीत, नुसता तपकिरी रंग हलतो. एक पुढे येतो, पाण्यात खूर घालतो, मागे बघतो, परत जातो. मग दुसरा. मग झेब्रे येऊन सगळ्यांना बाजूला सारतात आणि तेही परत जातात. सव्वातीन तास हेच. मग अचानक अख्खा कळप वळून चरायला निघून गेला. आमचा गाइड म्हणाला पोले पोले (हळूहळू), उद्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच ठिकाणी, आम्ही डबा उघडला आणि त्याच मिनिटाला पहिल्याने उडी टाकली. अंडी हातात राहिली. मगरीने एक धरला तो मी बघितला नाही, डोळे मिटले होते, नवऱ्याने बघितला आणि तो संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

गाड्या मात्र खूप. एका क्रॉसिंगला मी पन्नासपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. आमचं कॅम्प रिझर्व्हच्या आत होतं. सदूभाऊ म्हणाले तसं, शांतता हवी असेल तर कॉन्झर्व्हन्सी, आणि जूनमध्ये गेलो असतो तर फीचे हजार डॉलर वाचले असते. सिंह, तरस, जिराफ तेव्हाही असतेच.

बिल : पॅकेज १,५००, पेयं ८४, धुलाई शून्य, गाइडला आणि कॅम्पच्या पेटीत मिळून २५०. आमचा सगळा आठवडा त्या गाइडच्या डोळ्यांवर चालला होता, चालत्या जीपमधून तो झाडावरच्या बिबट्याची नुसती शेपूट ओळखायचा.

टंकाळलेला
२१:४०

माझं ऑक्टोबरचं आहे अजून. आता मीच दात घासायच्या आधी बघतो.

हिशेबनीस
२२:०२

मस्त लिहिलंय. अंडी हातात राहिली हे फार आवडलं. आता १४ हजारांवरून पुन्हा सुरुवात.

सुरंगी
२२:०६

ताई, बॅगेचं काय झालं? मऊ नेलीत ना?

रानवारा
२२:१९

मी नेली. नवऱ्याने "पंधरा किलोच आहे ना, मग टणक असली तर काय" म्हणून चाकांची निळी सूटकेस आणली. विल्सनच्या काउंटरवरच्या बाईने ती बोटाने वाजवून बघितली, टकटक, आणि नुसती मान हलवली. त्याचे कपडे माझ्या कापडी चपलेच्या पिशव्यांमध्ये भरून नेले. सूटकेस तिथेच घ्यायला सदूभाऊ स्वतः आले, देव भलं करो त्यांचं, आणि परतीच्या गडबडीत ती त्यांच्याकडून घ्यायचीच राहिली.

सवानातला_सदू
२२:४५

आहे इथे. बायकोने तिच्यात कांदे भरलेत. कधी नेताय?